लाल त्रिकोणाची चौकशी

पाण्याच्या टाकीजवळचा चढ निम्मा चढून झाला होता, तेवढ्यात गाडीच्या काचेखालच्या पडद्यावर लाल त्रिकोण उगवला. त्रिकोणाच्या पोटात उद्गारचिन्ह होतं. खुलासेकरांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. दोन्ही स्वच्छ झाल्यावर त्रिकोण आणखीच ठळक दिसू लागला, तेव्हा ते शेजारी बसलेल्या अक्काला आणि मागे बसलेल्या बायकोला उद्देशून म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. गाडी आपल्याला काहीतरी कळवते आहे."

"काय कळवते आहे?" बायकोनं विचारलं.

"ते यथावकाश कळेल."

गाडीला यथावकाश मंजूर नसावं. तिनं वेग इतका कमी केला की एक आजोबा काठी टेकत शेजारून पुढे निघून गेले, आणि जाता जाता त्यांनी खिडकीतून आत सहानुभूतीनं पाहिलं. अक्का म्हणाली, "छोट्या, मी उतरू का? तेवढंच वजन कमी होईल." अक्काचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले होते आणि छोट्याचं वय त्रेपन्न होतं. खुलासेकरांना दोन्ही गोष्टी एकदम लागल्या.

खुलासेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ज्या कचेरीत ते आस्थापना विभाग सांभाळत, तिथं उशिरा येणाऱ्याकडून, लवकर जाणाऱ्याकडून आणि वेळेवर येऊन वेळेवर जाणाऱ्याकडूनही (त्याचा काहीतरी हेतू असणारच) लेखी खुलासा मागवायची त्यांची पद्धत होती. कचेरीनं पाठीमागे ठेवलेलं हे नाव कुणाच्या तरी तोंडून इमारतीत आलं, आणि आता तर पाकीट घेऊन येणारा कुरियरवालासुद्धा खालून "खुलासेकर आहेत का?" अशीच हाक मारायचा. त्यांनी हरकत घेतली नव्हती. नावात अधिकार आहे, असं त्यांचं मत होतं.

गाडी जुनी होती, म्हणजे परदेशात कुणीतरी आठ वर्षं वापरून मग इकडे आलेली. पण साधीसुधी नव्हे, हायब्रिड. पेट्रोलवरही चालणार आणि विजेवरही. हे त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावून सांगितलं होतं. मेहुणा म्हणाला होता, "दोन्हींवर चालते म्हणजे दोन्हींवर बंद पडणार." मेहुण्याकडे साधी, एकाच गोष्टीवर चालणारी गाडी होती आणि ती कधीच बंद पडत नसे, हा त्याच्या स्वभावातला मोठा दोष होता.

पण गाडी हौसेनं घेतलेली नव्हती. ती अक्कासाठी घेतली होती. आई गेली तेव्हा खुलासेकर आठ वर्षांचे होते आणि अक्का वीस वर्षांची. टेकडीवरच्या दवाखान्यात ती नर्स होती, तिथंच मैत्रिणींबरोबर राहायची. भावासाठी नोकरी सोडून ती खाली आली ती आलीच. पुन्हा एकदाही वर गेली नाही. पंचेचाळीस वर्षांत तिनं या भावाकडे काही मागितलं नव्हतं, ते या वर्षी मागितलं. दवाखान्याची जुनी इमारत पाडणार होते. त्याआधी तिच्या वेळच्या नर्सेस एका रविवारी तिथं जमणार होत्या. बसची पायरी अक्काला चढवत नव्हती. "नेशील का रे?" एवढंच तिनं विचारलं. खुलासेकर "नेतो" म्हणाले, आणि शब्दाला बळकटी म्हणून त्यांनी गाडीच घेऊन टाकली. त्या रविवाराला आता पाच आठवडे उरले होते, टेकडीचा घाट टाकीच्या चढाच्या दसपट होता, आणि गाडी टाकीच्या चढालाच लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी खुलासेकरांनी एक नोंदवही आणली. पहिल्या पानावर "लाल त्रिकोणाबाबत प्राथमिक चौकशी" असं शीर्षक घातलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, हवामान, घटना, शेरा. अनुभवी माणसाचा भरवसा शेऱ्याच्या रकान्यावर असतो. खरं काय ते लोक तिथंच लिहितात, कारण तिथं कुणी वाचत नाही.

चौकशी सुरू झाल्याची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. गाडीचं झाकण उघडून खुलासेकर आत पाहत उभे राहिले, आणि पाच मिनिटांत त्यांच्याबरोबर आणखी तिघं आत पाहत उभे होते. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "माझ्या स्कूटरला असंच व्हायचं. मी तिला आडवी पाडून पुन्हा उभी करायचो." खुलासेकरांनी हा उपाय नम्रपणे बाजूला ठेवला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, वरून सगळं ठीक दिसतं तेव्हा मूळ किडलेलं असतं, आणि सवयीनं त्यांनी इंजिनाला "दुखतं का?" असं विचारल्यासारखं बोटानं ठोकलं. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी गाडी चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, की तिचा सा हललेला आहे. खुलासेकरांनी तिन्ही मतं नोंदवहीत घेतली. शेऱ्यात लिहिलं, "विचारार्थ."

मग मिस्त्री. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे दोन पत्रे, एक खड्डा आणि भिंतीवर टांगलेल्या पान्यांच्या चार रांगा. माणूस चाळीस वर्षं इंजिनात हात घालून बसलेला, बोलणं कमी. त्याच्या तोंडून "बघू" एवढा शब्द निघाला तरी लोक आश्वासन मिळालं म्हणून घरी जात. हायब्रिड आल्यावर त्यानंही डब्याएवढं एक यंत्र घेतलं होतं. ते गाडीला जोडलं की गाडी आपल्या तक्रारी सांगायची.

गाडी त्याच्याकडे न्यायची ठरली तशी बायको म्हणाली, "थांबा, कव्हर काढून देते. तेलकट हात लागतील."

हे कव्हर म्हणजे अक्काचं काम. मुळात त्या घरात उघडं असं काही नसेच. शिलाई मशीनला कव्हर, रेडिओला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीला रबर. झाकलेलं नाही असं त्या घरात एक दाजींचं तोंडच काय ते आहे, असं मेहुणा म्हणायचा. गाडी आल्याबरोबर अक्कानं मागच्या सीटला दुहेरी अस्तराचं, मरून रंगाचं, वरच्या टेकण्यापासून खाली पायांपर्यंत पोचणारं कव्हर शिवलं. कडेला बटणं, कोपऱ्याला पट्ट्या, कुठं सुरकुती म्हणून नाही. ते मिस्त्रीच्या हातात द्यायचं म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरीवर कोळसा ओतायचा. कव्हर घडी करून कपाटात गेलं आणि गाडी उघड्या अंगानं गॅरेजात गेली.

गॅरेजात त्रिकोण उगवलाच नाही. मिस्त्री आणि खुलासेकर टाकीच्या चढावर चार वेळा जाऊन आले. गाडी हरणासारखी चढली. डॉक्टरसमोर गेल्यावर मुलाचं पोट दुखायचं थांबावं, तसा प्रकार. यंत्रानं मात्र जुनी नोंद काढून दाखवली, की मोठ्या बॅटरीकडून काहीतरी तक्रार होती.

"हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या," मिस्त्री म्हणाला. "मोठी मागच्या सीटखाली, ती गाडी ओढते. छोटी बाजूला, ती दिवेबिवे बघते. छोटी म्हातारी झालीय, साहेब. तिनं मोठीवर आळ घेतला असेल."

खुलासेकरांना हे ताबडतोब पटलं. कचेरीत पंचवीस वर्षं ते हेच पाहत आले होते. छोटी बॅटरी बदलली, त्रिकोण आला नाही. त्यांनी इमारतीच्या पायऱ्यांवर उभं राहून पोस्टमास्तरांना निदानाची पद्धत समजावली. घरी बायकोनं कव्हर चढवलं, बटणं लावली. पुढच्या रविवारी तिघं भाजी आणायला निघाले, आणि टाकीच्या चढावर लाल त्रिकोण उगवला.

"यथावकाश आला," बायको मागून म्हणाली.

पुन्हा कव्हर कपाटात, गाडी गॅरेजात, त्रिकोण गायब. मिस्त्रीनं या खेपेला संशय पंपावर घेतला. विजेची कळ सांभाळणारा जो भाग असतो त्याला थंड ठेवायला पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो. तो थकल्यासारखा आवाज करत होता. नवा आणायचा तर शहराच्या टोकाला असलेल्या स्पेअर पार्टच्या भांडारातून. "तिथं तुम्हीच जा, साहेब," मिस्त्री म्हणाला. "मला तिथं घाम फुटतो."

भांडारात एक लांब टेबल, टेबलावर काच, काचेला भोक आणि भोकामागे एक बारीक, नीटनेटका माणूस. त्यानं गाडीचा क्रमांक विचारून संगणकात घातला आणि वर न बघता सांगितलं, "ही गाडी अस्तित्वात नाही."

"बाहेर उभी आहे," खुलासेकर म्हणाले.

"असेल. पण यात नाही. परदेशातून आलेली असणार. नमुना चार भरा."

नमुना चार भरून झाला. मग काउंटरवाल्यानं सांगितलं, की जुना पंप जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही.

"पण जुना काढला तर मी गाडी घेऊन इथं येणार कसा?"

"गाडी आणायला सांगितलेलंच नाही. पंप आणायचा आहे."

खुलासेकर दुसऱ्या दिवशी रिक्षानं, मांडीवर जुना पंप घेऊन हजर झाले. काउंटरवाल्यानं पंप सगळ्या बाजूंनी पाहिला, चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, "आता हा का बिघडला, याचा लेखी खुलासा द्या."

खुलासेकर क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिले. दुसरा कुणी असता तर काचेवर हात आपटला असता. यांना मात्र भरून आलं. एवढ्या मोठ्या जगात, भोकामागे का होईना, आपल्या तोडीचा माणूस आहे. ते बाकावर बसले आणि त्यांनी नऊ मुद्द्यांचा खुलासा लिहून काढला. काउंटरवाल्यानं तो शांतपणे वाचला आणि परत केला. "मुद्दा सहा मोघम आहे."

होता. मुद्दा सहा खरंच मोघम होता. खुलासेकरांनी तो सुधारला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की आपल्या टेबलासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांना काय होत असेल. पंप नऊ दिवसांनी आला.

पंप बसला, चढ झाला, त्रिकोण नाही. कव्हर चढलं, बटणं लागली, तिसऱ्या दिवशी त्रिकोण. आता मात्र इमारतीत लोक त्यांच्याशी गाडीबद्दल बोलेनासे झाले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले की आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहून बाजूला होत. पोस्टमास्तरांनी एकदा नुसतंच हातानं स्कूटर आडवी पाडून दाखवली.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रीनं यंत्र बाजूला ठेवलं, हात पुसले आणि खुलासेकरांना खुर्ची दिली. मिस्त्री खुर्ची देतो तेव्हा बातमी चांगली नसते.

"मोठी बॅटरीच गेली म्हणावं लागेल," तो म्हणाला. "नवी इथं मिळत नाही. असलीच एखादी गाडी भंगारात निघाली तर तिची बसवता येईल. दोन ठिकाणी निरोप ठेवलाय. एक सापडली, पण तिचं साल वेगळं, जोडण्या जुळत नाहीत."

"कधीपर्यंत मिळेल?"

"महिना, दोन महिने." रविवार पाच दिवसांवर होता. मिस्त्री म्हणाला, "एक विचारू, साहेब? रागावू नका. चाळीस वर्षांत असं बघितलं नाही. माझ्याकडे आली की गाडी धडधाकट. तुमच्याकडे गेली की आजारी. घरी तिला काही बोलता का?"

साहेब रागावले. मिस्त्रीसमोर नाही, घरी येऊन, पाण्याच्या भांड्यावर. मेहुणा त्याच संध्याकाळी आला, न बोलावता आला, आणि सोफ्यावर बसून किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "दाजी, रविवारी मी नेतो अक्कांना. तुम्हीही बसा मागे."

मागे. खुलासेकरांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की कचेरीत त्या नजरेनंतर माणसं बदलीचा अर्ज करत. पण मेहुणा कचेरीत नव्हता. उत्तर अक्कानं दिलं. ती खिडकीशी बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नको रे. तुझं काम बुडवून कशाला? आणि छोट्या, नाही जमलं तरी चालेल बरं का. त्या फोटो पाठवतील."

मेहुण्याच्या किल्लीनं जे झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं. खुलासेकरांना फार वाईट वाटलं. अक्का रुसली असती तर त्यांनी समजूत काढली असती, बोलली असती तर ऐकून घेतलं असतं. पण तिनं नेहमीप्रमाणे सोडून दिलं होतं, आणि ती आजवर काय काय सोडत आली याची यादी कुणी नोंदवहीत लिहिलेली नसली तरी त्यांना पाठ होती. मेहुण्याला "हो" म्हणावं, मागे बसावं, हा सरळ मार्ग होता. त्यांनी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. स्वतःकडूनच.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर ते नोंदवही घेऊन बसले. त्यांचा आत्मविश्वास, खरं सांगायचं तर, या सगळ्यात एवढासाही कमी झाला नव्हता. फक्त तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. त्यांनी नोंदी वाचायला घेतल्या, त्या मिस्त्रीसारख्या नव्हे, आस्थापना विभागासारख्या. कचेरीतून काही गहाळ झालं की खुलासेकर एकच प्रश्न विचारत: दर वेळी हजर कोण होतं? हवामान दर वेळी वेगळं होतं. पेट्रोल वेगळं होतं. तिसऱ्या वेळी तर अक्काही नव्हती आणि बायकोही नव्हती. ते शेऱ्याच्या रकान्यावर आले. त्यांनी तिथं काहीही सोडलेलं नव्हतं. "पत्नीने कव्हर काढले." त्रिकोण नाही. "पत्नीने कव्हर बसवले." त्रिकोण. "कव्हर काढले." नाही. "कव्हर बसवले." त्रिकोण. दर वेळी हेच.

पहिला संशय अर्थातच पत्नीवर गेला. तिच्याकडून खुलासा मागवावा असं त्यांच्या मनात अर्धा सेकंद आलं, आणि पंचवीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवानं लगेच गेलं. ते चपला घालून खाली गेले, एकेक बटण काढलं आणि मरून कव्हर उचललं.

मागच्या सीटच्या कुशीला, खाली, हाताच्या पंजाएवढी एक जाळी होती. तिच्यावर मरून रंगाची मऊ लव जमलेली होती, पापडासारखी एक अख्खी निघाली. आत अंधारात एक पंखा होता.

फोन केल्यावर मिस्त्री हातातलं काम टाकून आला. त्यानं टॉर्चचा उजेड जाळीत टाकला, मग कव्हरकडे पाहिलं, मग खुलासेकरांकडे. चाळीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं नसेल. "साहेब, हे मोठ्या बॅटरीचं नाक आहे. पंखा इथून हवा ओढतो आणि तिला थंड ठेवतो. तुम्ही तिचं नाक दाबून तिला चढ चढवत होता. नाक दाबलं की तोंड उघडतंच, तेच तुम्हाला लाल दिसायचं." मग त्याचं हसू उतरलं. तो जाळीशी बसूनच म्हणाला, "मीपण बघायला हवं होतं. पण माझ्याकडे ती कधी कव्हर घालून आलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. पंप चांगला होता."

दोघांनी मिळून जाळी काढली, ब्रशनं पंखा साफ केला, हवा मारली. कव्हर न घालता टाकीचा चढ तीन वेळा झाला, मिस्त्रीच्या यंत्रावर बॅटरीचा ताप शेवटपर्यंत वाढला नाही. चौकशी पूर्ण झाली होती. दोषीचं नावही स्पष्ट होतं, आणि ते अक्काच्या शिवणाचं होतं. आता अडचण ही, की हे तिला सांगायचं कसं. पंचेचाळीस वर्षांत जिनं काही मागितलं नाही, तिनं मागितलेलं एकुलतं एक काम तिच्याच कव्हरानं अडलं होतं, हे कुठल्या मुद्द्यात लिहायचं?

ते वर आले तेव्हा अक्का खिडकीशीच होती. त्यांनी दुरून सुरुवात केली. कव्हर फार उत्तम आहे. शिवण तर विचारायलाच नको. परंतु कापड थोडं जाड, अस्तर दुहेरी, आणि अशा गाड्यांना, म्हणजे सगळ्याच नव्हे, पण काही गाड्यांना, कडेनं किंचित हवा लागते.

"कुठं कडेनं?" अक्कानं विचारलं. "त्या जाळीवर?"

खुलासेकर थांबले. "तुला माहीत होती जाळी?"

"मापं घेताना दिसली की. मी तुला विचारलं, छोट्या, इथं जाळी आहे, इथं कापडाला भोक ठेवू का? तू पेपर वाचत होतास. म्हणालास, झाक, धूळ जाईल." ती जरा ओशाळून हसली. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

खुलासेकरांना यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण नाकबूल करायला जागाच नव्हती. "झाक, धूळ जाईल" हे वाक्य इतकं त्यांचं होतं, की ते दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी स्वतःच ओळखून परत केलं असतं. ते तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. सांगायचं बरंच होतं. सगळं मोघम वाटलं.

"कात्री दे," अक्का म्हणाली. तिनं कव्हर मांडीवर घेतलं, बोटांनीच जाळीची जागा शोधली, कापड कापलं आणि कडा दुमडून हेम घालायला सुरुवात केली. खुलासेकर दुसरं टोक ताणून धरून बसले. टाके बारीक पडत होते. बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय निघालं चौकशीत? दोषी सापडला?"

"सापडला," खुलासेकर म्हणाले. "तपशील नंतर."

रविवारी सकाळी निघताना इमारत खिडक्यांत उभी होती. मेहुणाही आला होता, लागली तर मदत म्हणून, आणि घाटाच्या पायथ्यापर्यंत तो त्यांच्या मागे आपली गाडी घेऊन आला. पायथ्याशी खुलासेकरांनी हात बाहेर काढून त्याला परत जायची खूण केली. या खुणेचं समाधान फार काळ टिकलं नाही, कारण पुढं खरोखरच घाट होता. पहिल्या वळणावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. दुसऱ्या वळणावर बायकोनं पाहिलं. पाचव्या वळणानंतर कुणी पाहिलं नाही, कारण अक्का बोलू लागली होती. या दगडावर त्या पाचजणी सुट्टीच्या दिवशी बसत. या वळणावर एकदा औषधाची गाडी अडकली होती आणि त्यांनी पेट्या हातानं वर नेल्या. इथं एक पिवळ्या फुलांचं झाड होतं. झाड अजून होतं. खुलासेकरांना ती विशीतली अक्का माहीतच नव्हती. त्यांना माहीत होती ती शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहणारी. त्यांनी गाडी हळू केली, आपणहून.

दवाखान्याच्या अंगणात चार बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. एक काठी घेऊन, एक कानाला यंत्र लावून. गाडीचं दार उघडलं तशा चौघी उठल्या, आणि अक्काभोवती गोळा झाल्या. पुष्कळ वेळानं अक्कानं डोळे पुसले आणि आठवण झाल्यासारखं भावाचं मनगट धरून पुढं ओढलं. "महिनाभर गाडी अडून बसली होती. यानंच शोधून काढलं घोडं कुठं पेंड खातंय ते. मिस्त्रीलाही कळलं नव्हतं."

खुलासेकरांनी घसा साफ केला. मेहुणा तिथं नव्हता, पोस्टमास्तर नव्हते, हा सगळा मान निमूटपणे घ्यायला काही हरकत नव्हती. "बिघडवली होतीही मीच," ते म्हणाले. "हिनं मला आधीच विचारलं होतं. मी नीट ऐकलं नाही."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एवढं छोटं आणि एवढं स्पष्ट वाक्य तिनं त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं.

काठीवाल्या बाई दोन पावलं जवळ आल्या. त्यांनी खुलासेकरांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, वॉर्डात नवा पेशंट आला की न्याहाळतात तसं. "हाच का गं तो? ज्याच्यासाठी एका दुपारी पेटी उचलून गेलीस?"

"हाच."

"मग? कसा निघाला?"

चौघी उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. खुलासेकरही उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. त्यांचा कुणी असा समोर, भर अंगणात लिहिला नव्हता. अक्कानं घाई केली नाही.

"चांगला निघाला," ती म्हणाली. "पोचायला वेळ लावतो. पण पोचवतो."

खुलासेकर वळले. ऊन अंगणात बरंच पुढं सरकलं होतं. त्यांनी एकेक खुर्ची उचलली आणि त्या बायका जिथं म्हणतील तिथं, सावलीत, नेऊन ठेवू लागले.